वाचकांचे प्रश्न : वेग, विलंब आणि तारांचे रंग

माहितीचे प्रेषण आणि संगणकांची जाळी या विषयावर प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून करण्यात आले होते. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एसएसएलसीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे डिप्लोमा किंवा बीसीएला गेलेल्या विद्यार्थ्यांची आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत, आणि ज्यांचे उत्तर कोणत्याही क्रमिक पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात सापडते असे व्याख्यांचे प्रश्न वगळले आहेत.

प्रश्न : आमच्या घरी १०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आहे. मोठी फाइल उतरवताना संगणकावर वेग मात्र ११ ते १२ एमबी एवढाच दिसतो, आणि वायफायवर त्याहूनही कमी. कंपनी आम्हाला फसवत आहे का? (डिप्लोमाचा विद्यार्थी, खानापूर)

फसवणूक नाही. उलट केबलवर ११ ते १२ हा आकडा दिसत असेल, तर तुमची लाइन उत्तम चालली आहे असे समजावे. प्रेषणाचा वेग बिटमध्ये मोजण्याची रीत आहे आणि फाइलचा आकार बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट. एवढा हिशेब बहुतेकांना ठाऊक असतो. पण साडेबारातले उरलेले कुठे जाते, हे सहसा कोणी विचारत नाही, आणि खरा विषय तिथेच सुरू होतो.

फाइल सलग जात नाही, तिचे तुकडे होऊन जातात. केबलवरून माहिती पाठवण्याची जी पद्धत आहे ती इथरनेट; तिच्या एका चौकटीत, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या तुकड्यात, जास्तीत जास्त १५०० बाइट भरता येतात. त्यांतले २० बाइट आयपीच्या (पत्ता पाहून तुकडे पोहोचवणाऱ्या नियमांच्या) शीर्षकाला आणि किमान २० बाइट टीसीपीच्या (तुकडे क्रमाने लावून घेणाऱ्या नियमांच्या) शीर्षकाला लागतात, म्हणजे तुमच्या फाइलच्या वाट्याला १४६० उरतात. या १५०० च्या पुढे इथरनेटचे स्वतःचे १४ बाइटांचे शीर्षक आणि शेवटी चूक तपासण्याचे ४ बाइट येतात. त्याशिवाय चौकट येत असल्याची सूचना देणारे ८ बाइट आधी जातात आणि दोन चौकटींमध्ये १२ बाइटांइतका वेळ तार मोकळी ठेवावी लागते. बेरीज १५३८ होते. १४६० भागिले १५३८ म्हणजे सुमारे ९५ टक्के. साडेबाराचे ९५ टक्के केले की ११.९ च्या जवळपास आकडा येतो. काही प्रोग्राम एक मेगाबाइट म्हणजे दहा लाख बाइट न धरता १०२४ गुणिले १०२४ बाइट धरतात, त्यांच्यात हाच वेग ११.३ असा दिसतो. तुम्ही लिहिलेले ११ ते १२ असे संपूर्ण जुळते.

वायफायची गोष्ट निराळी आहे. हवा सर्वांची सामाईक असते; एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे आणि प्रत्येक चौकटीची पोच घ्यायची, असा तिथला नियम आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. शेजारच्या घरातील राउटर तुमच्याच चॅनेलवर असेल, तर त्याचे बोलणे संपेपर्यंत तुमच्या फोनला थांबावे लागते. त्यात जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती आल्या की आणखी घट होते. म्हणून वेग मोजायचा तर आधी केबल लावून मोजावा. तक्रार करायची की नाही, हे नंतर ठरवावे.

प्रश्न : व्हिडिओ कॉलवर बोलणे अडखळते म्हणून ५० एमबीपीएसचा प्लॅन बदलून २०० चा घेतला. फाइली झटकन उतरतात, पण कॉल पूर्वीइतकाच अडखळतो. असे का? (बीसीएची विद्यार्थिनी, निपाणी)

या विषयात सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. आपण ज्याला 'नेटचा वेग' म्हणतो त्यात दोन वेगळ्या राशी मिसळलेल्या असतात. सेकंदाला किती बिट वाहून नेता येतात ही एक, आणि एक बिट निघाल्यापासून पोहोचेपर्यंत किती वेळ लागतो ही दुसरी. प्लॅन बदलल्याने पहिली बदलते. कॉल अडखळतो तो दुसरीमुळे.

आकडे घालून पाहू. फाइलच्या अशा एका तुकड्याला पॅकेट म्हणतात. १५०० बाइटांचे पॅकेट म्हणजे १२,००० बिट. ते ५० एमबीपीएसच्या लाइनवर चढवायला ०.२४ मिलिसेकंद लागतात आणि २०० च्या लाइनवर ०.०६. वाढीव पैशांत तुमचे प्रत्येक पॅकेटमागे ०.१८ मिलिसेकंद वाचले. आता प्रवासाचा वेळ पाहा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. बेळगावहून बेंगळुरू सुमारे ५०० किलोमीटर. म्हणजे जायला २.५ मिलिसेकंद आणि जाऊन यायला ५. केबल सरळ रेषेत टाकलेली नसते, म्हणून प्रत्यक्षात याहून जास्तच वेळ लागतो, आणि जगातला कोणताही प्लॅन तो कमी करू शकत नाही. भूस्थिर उपग्रहावरून नेट घेतले तर तो विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असल्यामुळे संदेश वर जाऊन खाली येईपर्यंतच पाव सेकंदाच्या आसपास जातो, आणि उत्तर यायला पुन्हा तेवढाच. वाहून नेण्याची क्षमता भरपूर असूनही बोलणाऱ्याला उशीर जाणवतो.

या दोन्ही राशी एकमेकींपासून किती स्वतंत्र आहेत, हे वर्गात पटवून द्यायला मी एक हिशेब देतो. एक टेराबाइटची हार्ड डिस्क पिशवीत घालून खानापूरहून बसने बेळगावला आणली आणि एक तास लागला असे धरा. आठ लाख कोटी बिट ३६०० सेकंदांत पोहोचले, म्हणजे सेकंदाला सुमारे २.२ गिगाबिट. घरातल्या कोणत्याही सर्वसाधारण कनेक्शनपेक्षा ही क्षमता मोठी आहे. परंतु पहिला बिट हाती यायला तास लागतो, आणि त्या बसवरून व्हिडिओ कॉल होणे नाही.

तुमच्या घरी मात्र गुन्हेगार बहुधा तिसराच असणार, तो म्हणजे रांगेतला वेळ. कोणाच्या तरी फोनमधून फोटो आपोआप वर चढत असतात. वर पाठवण्याची क्षमता समजा १० एमबीपीएस आहे आणि राउटरच्या स्मृतीत पाठवण्याची वाट पाहत एक मेगाबाइट साचला आहे. ऐंशी लाख बिट भागिले सेकंदाला एक कोटी, म्हणजे ०.८ सेकंद. तुमच्या आवाजाचे इवलेसे पॅकेट त्या रांगेच्या शेवटी उभे राहते आणि पाऊण सेकंदाहून अधिक उशिरा निघते. फाइलला या उशिराचे काही वाटत नाही, संभाषण मात्र कोलमडते. याच कारणाने व्हिडिओ कॉल सहसा टीसीपीऐवजी यूडीपीवरून चालवतात. टीसीपी हरवलेला तुकडा पुन्हा मागवून क्रमाने लावून देतो. बोलण्यातला हरवलेला तुकडा मागाहून आला तर त्याचा उपयोग काय? यूडीपीचे शीर्षक अवघे ८ बाइटांचे आहे आणि तो पुन्हा काही मागवत नाही. 'टीसीपी चांगला, यूडीपी कमी प्रतीचा' असे जे उत्तरपत्रिकांत लिहिलेले आढळते, ते म्हणून चुकीचे आहे.

तपासणी अशी करावी. संगणकावर पिंग ही, उत्तर यायला किती वेळ लागतो ते दाखवणारी, आज्ञा देऊन आधी आपल्याच राउटरचा पत्ता, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, तपासावा. तिथेच उत्तर कधी २ मिलिसेकंदांत आणि कधी १५० मध्ये येत असेल, तर दोष घरातल्या वायफायचा आहे; केबल लावावी. राउटरपर्यंत सारे स्थिर असेल, तर बाहेरचा एखादा पत्ता पिंग करत ठेवून दुसऱ्या फोनवरून मोठा व्हिडिओ वर चढवून पाहावा. आकडा एकदम फुगला की रांगेचा विलंब सिद्ध झाला. मग कॉलच्या वेळेपुरते फोटोंचे आपोआप चढणे बंद ठेवावे, किंवा राउटरमध्ये प्राधान्य ठरवण्याची सोय असल्यास ती वापरावी. २०० चा प्लॅन पुन्हा ५० वर आणला तरी कॉलला काही बिघडणार नाही. मात्र वर पाठवण्याची क्षमता त्यात कमी होत नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

प्रश्न : हायस्कूलच्या संगणक कक्षातील केबल मी स्वतः क्रिंप केली. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकसारखा आहे आणि टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात. छोट्या केबली चालतात. लांबच्या कोपऱ्यातल्या संगणकाचा जोड मात्र सारखा तुटतो. दोन्ही टोके सारखी असताना रंगांच्या क्रमाने काय फरक पडतो? (शिक्षक, बेळगाव तालुका)

सर, आपण क्रम लिहून पाठवलात हे फार बरे केले, कारण दोष त्यातच आहे. आपण केशरीची जोडी, मग हिरव्याची, मग निळ्याची आणि शेवटी तपकिरीची, अशा जोड्या शेजारीशेजारी लावल्या आहेत. डोळ्यांना ही मांडणी नीटनेटकी वाटते, पण इथरनेटच्या कनेक्टरमधील आठ खाचांमध्ये जोड्या तशा नसतात. पहिली व दुसरी खाच ही एक जोडी, तिसरी व सहावी ही दुसरी, चौथी व पाचवी ही तिसरी आणि सातवी व आठवी ही चौथी. आपल्या मांडणीत तिसऱ्या खाचेत पांढरी-हिरवी तार आली आणि सहाव्या खाचेत निळी. म्हणजे एकाच संकेताच्या दोन तारा दोन वेगवेगळ्या पिळांतून धावत आहेत.

पीळ घातलेला असतो तो याचसाठी. पाठवणारा एका तारेवर संकेत देतो आणि जोडीच्या दुसऱ्या तारेवर त्याच्या उलट संकेत. घेणारा दोहोंतला फरक तेवढा पाहतो. ट्यूबलाइट, पंखा किंवा शेजारच्या केबलमधून येणारा गोंगाट एकत्र पिळलेल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो आणि फरक काढताना तो वजा होऊन जातो. तारा वेगळ्या पिळांतल्या असल्या की गोंगाट सारखा पडत नाही, वजाही होत नाही. शिवाय एका संकेताची निम्मी बाजू दुसऱ्या संकेताच्या कुशीत झोपल्यासारखी होऊन दोघेही एकमेकांत मिसळतात. केबल दोन-चार मीटरची असेल तर हे खपून जाते. वीस-तीस मीटरवर ते उघडे पडते. आपला टेस्टर तार या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आहे की नाही, एवढेच सांगतो. कोणती तार कोणाबरोबर पिळलेली आहे, हे त्याला कळत नाही.

दोन्ही टोके कापून पुढील क्रमाने पुन्हा क्रिंप करावीत : पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. निळी जोडी हिरव्याच्या मधोमध शिरते, ती याच तिसऱ्या-सहाव्याच्या कारणाने. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नये आणि वरचे आवरण कनेक्टरच्या आत दाबले जाईल असे पाहावे, नाहीतर ओढ बसली की तारा निसटतात. एका तुकड्याची लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी.

आपण पुढे लिहिले आहे की मैदानापलीकडच्या दुसऱ्या इमारतीतही तांब्याचीच केबल नेण्याचा विचार आहे. अंतर शंभर मीटरच्या आत असले तरी तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळिवाचा पाऊस कसा कडाडत येतो, हे आपल्याला सांगायला नको. जवळपास वीज पडली की दोन इमारतींच्या जमिनीतील विद्युतदाबात फरक पडतो आणि तो फरक भरून निघण्यासाठी तांब्याची तार हा सोपा रस्ता ठरतो. दोन्हीकडचे स्विच आणि त्यांना जोडलेले संगणक एका फटक्यात जातात. दोन इमारतींमध्ये फायबर टाकावी. काच वीज वाहून नेत नाही.

प्रश्न : पॅरिटी असताना सीआरसी कशाला हवी? आणि तिच्या भागाकारात हातचा का घेत नाहीत? (डिप्लोमाचा विद्यार्थी, चिकोडी)

पॅरिटी म्हणजे एकांची संख्या सम किंवा विषम ठेवणारा एक जादा बिट. वाटेत एक बिट उलटला की चूक कळते. दोन उलटले की संख्या पुन्हा सम होते आणि चूक निसटते. तारेवरचा गोंगाट एकेक बिट वेचून उलटवत नाही, तो सलग काही बिटांना धक्का देतो. त्यामुळे अशा सलग चुका पकडणारी युक्ती लागते. माहितीला ठरलेल्या भाजकाने भागून उरलेली बाकी तिच्यासोबत पाठवायची, ही ती युक्ती, म्हणजेच सीआरसी.

उदाहरण सोडवून पाहू. पाठवायची माहिती ११०१ आणि ठरलेला भाजक १०११. भाजक चार बिटांचा, म्हणून माहितीपुढे तीन शून्ये लावून ११०१००० घ्यावे. ११०१ मधून १०११ वजा करताना सारखे बिट असतील तिथे ०, वेगळे असतील तिथे १ लिहावे, ०११० उरते. पुढचे शून्य खाली घेऊन ११००, त्यातून १०११ गेले, ०१११. पुन्हा शून्य घेऊन १११०, त्यातून ०१०१. शेवटचे शून्य घेऊन १०१०, त्यातून ०००१. बाकी ००१. ती शून्यांच्या जागी लावून ११०१००१ पाठवायचे. घेणाऱ्याने त्याला १०११ ने याच रीतीने भागले की बाकी शून्य यावी. न आल्यास चौकट बिघडली आहे. करून पाहा.

हातचा न घेण्याचे कारण व्यावहारिक आहे. हातच्याशिवाय बेरीज आणि वजाबाकी एकच होतात आणि दोन्ही एक्सऑर गेटने (सारख्या बिटांना ०, वेगळ्यांना १ देणाऱ्या मंडलाने) होतात. एका शिफ्ट रजिस्टरला (बिट एकेक घर पुढे सरकवणाऱ्या साखळीला) मोजके गेट जोडले की बिट तारेवरून येत असतानाच भागाकार होत जातो. चौकट संपते त्या क्षणी बाकी तयार असते. इथरनेटमध्ये ही बाकी ३२ बिटांची असते आणि ३२ बिटांपर्यंतची कोणतीही सलग चूक तिच्यातून सुटत नाही.

बाकी शून्य न आल्यास इथरनेट काय करते, हेही विचारायला हवे होते. ते चौकट फेकून देते आणि कोणालाही कळवत नाही. पुन्हा मागवण्याचे काम टोकाच्या संगणकातील टीसीपीचे. मधल्या कोणीही पोहोचवण्याची हमी घ्यायची नाही आणि खातरजमा दोन टोकांनी करायची, या तत्त्वावर इंटरनेट उभे आहे. मधली यंत्रे साधी व वेगवान राहू शकली ती त्यामुळे.

प्रश्न : ओएसआयचे थर सात, टीसीपी-आयपीचे काही पुस्तकांत चार तर काही पुस्तकांत पाच. खरे कोणते? (बीसीए, बेळगाव)

जाळ्याचे काम थरांत विभागून दाखवणारे हे दोन वेगळे आराखडे आहेत. परीक्षेत जे विचारले असेल ते लिहावे. इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेट या जाळ्यावर टीसीपी-आयपी १ जानेवारी १९८३ पासून लागू झाले आणि ओएसआयचा नमुना मानक म्हणून १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. चालते जाळे आधीचे, सात थरांचा आराखडा नंतरचा. त्यामुळे ते एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. थरांची नावे घोकण्यापेक्षा कोण काय वाचतो, हे पाहा. स्विच मॅक पत्ता (यंत्राच्या जाळ्याच्या जोडणीचा पत्ता) वाचतो, राउटर आयपी पत्ता वाचतो आणि पोर्ट क्रमांकावरून तुकडा कोणत्या प्रोग्रामचा, हे शेवटचा संगणक ठरवतो. प्रत्येक राउटरवर मॅक पत्ते बदलतात. आयपी पत्ते, वाटेत पत्ता-बदल होत नसेल तर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच राहतात.

प्रश्न : १९२.१६८.१०.७७ हा पत्ता, मास्क २६ बिटांचा. उपजाळे कोणते? (तीन पत्रांतून)

पत्त्याच्या ३२ बिटांपैकी मास्कचे पहिले २६ उपजाळे कोणते ते सांगतात. ३२ मधून २६ गेले, ६ उरले. २ चा सहावा घात ६४. म्हणजे उपजाळी ०, ६४, १२८ आणि १९२ पासून सुरू होतात. ७७ हा ६४ ते १२७ मध्ये येतो. उपजाळ्याचा पत्ता १९२.१६८.१०.६४, सर्वांना उद्देशून पाठवण्याचा पत्ता १९२.१६८.१०.१२७, आणि हे दोन वगळून यंत्रांना देण्यास मोकळे ६२.

प्रश्न : आम्ही निपाणीजवळ राहतो. एखादी वेबसाइट माझे ठिकाण बेंगळुरू दाखवते, कधी मुंबईसुद्धा. आणि फोन मधूनच महाराष्ट्रातला टॉवर पकडतो. नेटला आमचे गाव कळत नाही का? (पीयूसीचा विद्यार्थी)

आयपी पत्त्यात गाव लिहिलेले नसते. पत्त्यांचे गट कंपन्यांना दिलेले असतात, आणि कोणता गट कोठे वापरात आहे याचा अंदाज बांधणाऱ्या याद्या वेबसाइटी विकत घेतात. त्यात आयपीच्या जुन्या, ३२ बिटांच्या आवृत्तीत एकूण पत्ते ४२९ कोटींच्या आसपासच असल्यामुळे मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना मोजक्या सामाईक पत्त्यांमागे बसवतात. जिथून तुमचे पॅकेट बाहेरच्या इंटरनेटवर पडते, ते शहर वेबसाइटला दिसते. १२८ बिटांच्या नव्या आवृत्तीत पत्त्यांची टंचाई नाही, पण गाव त्यातही लिहिलेले नसते.

टॉवरचे तसे नाही. प्रत्येक टॉवर आपल्या जाळ्याचा क्रमांक सतत प्रक्षेपित करत असतो; त्याचे पहिले तीन अंक देशाचे, भारतासाठी ४०४ किंवा ४०५, आणि पुढचे कंपनीचे व तिच्या परिमंडळाचे. त्यामुळे एकाच कंपनीचे कर्नाटकातले व महाराष्ट्रातले टॉवर फोनला वेगळे ओळखता येतात. सिमकार्डावर नोंदलेले जाळे मिळेल तोवर फोन सहसा त्यालाच धरून राहतो. ते फार क्षीण झाले की दुसऱ्याकडे जातो आणि अधूनमधून आपले जाळे पुन्हा मिळते का, हे शोधत राहतो. सीमेलगतच्या गावांत ही जा-ये दिवसातून कितीदाही होऊ शकते, आणि प्रत्येक वेळी नोंदणी बदलताना नेट काही क्षण थांबते. याचा फार त्रास होत असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची निवड आपोआपऐवजी स्वतः करून चांगले मिळणारे जाळे ठरवून टाकावे. गावाबाहेर प्रवासाला निघताना ती निवड पुन्हा आपोआपवर आणावी, अन्यथा ते जाळे नसलेल्या ठिकाणी फोनला नेटवर्कच मिळणार नाही.